हात सवयीनं गेला

यांना ठाऊक नाही. आई गेली, तिलाही कधी बोलले नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा बाकीचं सगळं सांगते आणि नेमकं एवढंच वगळते — वगळणं मला चांगलं जमतं, पुढे कळेलच. ज्यांना हे सांगायला हवं त्या आत्ता स्वयंपाकघरात पितळी फिल्टरमध्ये कॉफीची पूड भरताहेत. मधे एक भिंत आहे. ती ओलांडून जायला माझे पाय उचलत नाहीत, म्हणून तुमच्यापाशी बसले आहे.

तशी मी तोंडाळ बाई. ऑफिसात सगळे हसतात, म्हणतात, यांचं तोंड टाइपरायटरच्या वर आवाज करतं. पण या एका गोष्टीपाशी आले की दातखीळ बसते. आजही बसेल की काय, सांगता येत नाही. बघू.

सुरुवात कुठून करू? पुणं सोडलं तिथूनच करते.

यांना बंगलोरजवळच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियरची जागा मिळाली तेव्हा आमचा अरुण दीड वर्षाचा होता. पगार पुण्याच्या दीडपट — कागदावर. तो कागद बघून आम्ही दोघंही हुरळलो. गाव बदलायला काय पडतं हे आधी कुणी सांगत नाही, आणि सांगितलं तरी हुरळलेल्या माणसाला ऐकू येतं थोडंच? मालगाडीनं पाठवलेल्या सामानातल्या लोणच्याच्या बरण्या फुटल्या आणि लोणचं गाद्यांत मुरलं. पाण्याचा बंब पुण्यात मातीमोल विकून आलो आणि इथे न्हाणीघरात हंडा बसवून घ्यायला त्याच्या दुप्पट मोजले. कारखान्याची क्वार्टर्स मिळायला वर्षं लागणार, तोवर भाड्याचं घर. आणि इथले घरमालक भाड्याच्या आधी कित्येक महिन्यांचा ॲडव्हान्स मागतात, ही रीत आम्हाला कुठे माहीत? त्या ॲडव्हान्सपायी माझ्या माहेरच्या पाटल्या गेल्या. मी हसत काढून दिल्या. हसत दिल्या, असं यांना अजून वाटतं.

मग एकेक कळत गेलं. गहू मिळेल तेव्हा मिळेल, ज्वारी तर विसराच, दोन्ही वेळा भात. भाताला भाजी कमी लागते म्हणतात, पण तूप, ताक, सार, सगळं जास्त लागतं. दारात कुणी आलं तर चहा चालत नाही, कॉफी लागते, आणि चांगली कॉफी म्हणजे काय भाव असतो! पुण्याचे सुती कपडे इथल्या हिवाळ्यात कामाचे नाहीत, सगळ्यांना लोकरी हवं. वर्षातून एकदा गावी जायचं म्हटलं तर दोन दिवस गाडीत, आणि रिकाम्या हातानं जायची सोय नाही — बंगलोरला गेलेली माणसं, आता यांना काय कमी! पुण्याला दरमहा मनिऑर्डर जायचीच. महिन्याचा शेवटचा आठवडा आला की हे मुकाट्यानं सायकल काढायचे आणि कारखान्याच्या बसचे पैसे वाचवायचे. मला ते बघवत नव्हतं.

तेव्हा मी नोकरी धरली. मॅट्रिकनंतर टायपिंग शिकलेली होते, ते कामाला आलं. त्याच कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागले. माझा पगार म्हणजे आमच्या घराचं भाडं, एवढं ध्यानात ठेवा. आणि मी नोकरी करू शकत होते कारण घरी वन्सं होत्या, हेही ठेवा.

वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण, कमल. नात्यानं धाकटी, वयानं माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, म्हणून मी त्यांना अहो-जाहो करते. त्या मला वहिनी म्हणतात. सतराव्या वर्षी लग्न झालं आणि आठ महिन्यांत नवरा विषमज्वरानं गेला. तेव्हापासून त्या पुण्यात आपल्या थोरल्या भावाच्या घरी होत्या — फिकं पातळ, मोकळं कपाळ, समोर पोळपाट. दहा माणसांचा स्वयंपाक करायच्या आणि सणाच्या दिवशी पुढच्या खोलीत यायच्या नाहीत. कुणी त्यांना येऊ नको म्हणत नव्हतं. त्याच यायच्या नाहीत.

आम्ही निघालो तेव्हा मी म्हटलं, वन्संना आमच्याबरोबर पाठवा, त्यांनाही जरा बदल. काय माझी वाहवा झाली म्हणून सांगू! सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. सून असावी तर अशी, असं चार घरांत बोललं गेलं. परका मुलूख, कडेवर मूल, दोन हात पुरायचे नाहीत, म्हणून मला आणखी दोन आयते हवे होते — हे मी कशाला बोलतेय? कौतुक फुकट मिळत असेल तर कोण नको म्हणतं?

यशवंतपूरच्या स्टेशनावर उतरलो आणि जटक्यातून, म्हणजे इथल्या टांग्यातून, मल्लेश्वरमातल्या त्या घरी आलो. मालकीणबाई, नंजम्मा, खालीच राहायच्या. त्यांनी कॉफी दिली आणि वर जायला निघालो तशी कुंकवाची वाटी घेऊन आल्या. इथे आल्यागेल्या बाईला कुंकू आणि फूल दिल्यावाचून सोडत नाहीत. मला लावलं. मग वन्संकडे वळल्या. गळ्यात मंगळसूत्र नाही, म्हणजे भावाबरोबर आलेली लग्नाची बहीण, असा त्यांचा समज झाला असणार. आणि कुमारिकेला कुंकू लावतातच. वन्संनी माझ्याकडे बघितलं. नंजम्मांचं बोट अर्ध्यावर होतं, आणि वन्संचे डोळे माझ्यावर. मी डोळ्यांनीच म्हटलं — असू दे.

का म्हटलं? चांगुलपणा नव्हता, नुसता संकोच होता, असं आज म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण चांगुलपणा होता. त्या वेळी माझ्या मनात त्यांच्याविषयी खरोखर चांगलं होतं. तेच मला सोसत नाही.

कुंकू राहिलं. संध्याकाळी यांनी बघितलं. दुसऱ्या दिवशी बहिणीसाठी हिरव्या काठाचं पातळ घेऊन आले. इथे आम्हाला कोण ओळखत होतं? पुण्यात ज्याला जन्म गेला असता ते इथे एका दुपारीत होऊन गेलं. वन्संचं नाव गल्लीत कमलक्का झालं. फुलवाली सकाळी यायची, कोपरापासून बोटांपर्यंत हातानं मोगऱ्याचा गजरा मोजायची आणि वर चार कळ्या जास्त द्यायची — स्वल्प जास्ती, कमलक्काला म्हणून. मला कधी दिल्या नाहीत. बाजारात घासाघीस करणार वन्सं, पाणी आलं नाही तर नंजम्मांशी बोलणार वन्सं. मी ऑफिसात हिंदी-इंग्रजीवर भागवत होते. मला आजसुद्धा कन्नड चार वाक्यांपुढे येत नाही. त्यांनी वर्षभरात वाचायला घेतलं. आणि त्या हसायच्या. पुण्यात त्यांच्या हसण्याचा आवाज मी ऐकलाच नव्हता — जिन्यावरून ऐकू यायचा, ऑफिसातून थकून येताना.

वाचायला शिकवलं ते विठ्ठलण्णांनी. दोन घरं सोडून राहायचे. मराठीच, पण आपल्यासारखे नव्हेत. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेले. शाळेत मास्तर होते. पस्तिशीचा माणूस, अबोल, सावकाश चालणारा. बायको चार वर्षांपूर्वी बाळंतपणात गेलेली. घरी आई — सुंदरक्का. त्यांची कानडी मिसळलेली मराठी ऐकून — जेवणाला ऊट म्हणायच्या — मी पदरात तोंड लपवून हसायची. "ऊट झालं की नाही तुमचं? या की, बसा, स्वल्प कॉफी घ्या." पण माणूस लाख. आमच्या अरुणला स्वतःच्या नातवासारखा सांभाळायच्या. संध्याकाळी त्यांच्या पायरीवर शिकवणी चालायची: विठ्ठलण्णा वरच्या पायरीवर, वन्सं खालच्या, मधे सुंदरक्का वाती वळत बसलेल्या. शुक्रवारी कधी त्या वन्संना घेऊन पार बनशंकरीला देवीच्या दर्शनाला जायच्या, तेव्हा ते गावाबाहेर होतं. परत येताना दोघींच्या केसांत एकाच गजऱ्याचे दोन तुकडे असायचे.

मला दिसत नव्हतं का? दिसत होतं हो. बरंही वाटत होतं. बघायला काय जातं?

तिसऱ्या वर्षी संक्रांतीच्या आधीच्या रविवारी दुपारी आम्ही दोघी तिळगुळाचे तीळ परतत होतो. वन्संनी अचानक कढईतला कालथा ठेवला आणि म्हणाल्या, वहिनी, एक सांगायचंय. आणि सगळं सांगितलं. विठ्ठलण्णांनी त्यांना विचारलं होतं. वन्संनी त्यांच्यापासून काहीच लपवलं नव्हतं — लग्न, नवऱ्याचं जाणं, हे कुंकू कसं चुकून आलं आणि कसं राहिलं. त्यावर ते म्हणाले, माझीही बायको गेलेलीच आहे. एवढंच म्हणाले. मी त्यानंतर पुष्कळदा विचार केला या वाक्याचा. त्या माणसाला कोणत्या समारंभात कुणी वगळलं होतं?

प्रश्न आईचा होता. सुंदरक्कांना ठाऊक नव्हतं. सणाला त्यांच्या बहिणी आणि जावा कोलारहून यायच्या होत्या. त्या परत गेल्या की एकटीला बसवून, हळूहळू, विठ्ठलण्णा आईला सांगणार होते. दोन दिवस रडेल, मग हो म्हणेल, मी ओळखतो तिला, असं त्यांनी सांगितलं होतं. फक्त तिला ते चारचौघांत, बहिणींच्या देखत कळता कामा नये. मग ती इच्छा असूनही हो म्हणू शकणार नाही. वन्संनी मला हे असं, इतकं नीट समजावून सांगितलं. "दादालासुद्धा अजून बोलले नाही वहिनी. फक्त तुला." आणि माझा हात धरला. त्यांच्या बोटांना तिळाचा वास होता.

मला आनंद झाला. खरंच झाला. तीळ परतून होईपर्यंत टिकला.

सोमवारी कारखान्याच्या बसमध्ये खिडकीशी बसले होते. मांडीवर पर्स. ती पर्स मला फार आवडायची. पुण्यात असताना माझ्याकडे चिल्लर ठेवायची डबीसुद्धा नव्हती. आणि तिथे बसल्याबसल्या मनात आलं, अरुणला शाळेतून कोण आणणार? तेवढ्यात दुसरं — मला तेव्हा तिसरा महिना होता, यांना सोडून कुणाला ठाऊक नव्हतं — या बाळाला कोण बघणार? स्वयंपाकीण ठेवायची आणि मुलांना बाई ठेवायची, तर माझा पगार त्यांच्याच पदरात घालायचा. म्हणजे नोकरी गेली. नोकरी गेली की भाडं गेलं, भाडं गेलं की घर. मग कुठेतरी एक खोली, नाहीतर पुन्हा पुणं, थोरल्यांच्या दारात, पाटल्या नसलेल्या हातांनी. कशाला आलो होतो मग एवढ्या लांब?

हे सगळं खरं आहे, पण हेही पुरतं खरं नाही. मघापासून मी खर्चाआड लपते आहे. बाईमाणूस घरखर्चाचं बोललं की कुणी वाईट म्हणत नाही. खरं असं, की मला पुन्हा पोळपाटापाशी बसायचं नव्हतं. सकाळी नऊला केस नीट करून बसथांब्यावर उभं राहणं, आपल्या टेबलावर आपलं यंत्र असणं, साहेबानं मिसेस म्हणून हाक मारणं — हे माझं होतं, मला प्रथमच मिळालेलं. घरात कुणीतरी पोळपाटापाशी बसायलाच हवं होतं. त्या बसत होत्याच की, इतकी वर्षं. असा विचार केला मी. शब्दशः असाच.

हळदीकुंकू आमच्याकडे होतं. दोन संक्रांती मी तसं करत आले होते; परक्या गावात ओळखी कशा व्हायच्या? ऑफिसातल्या दोघीतिघी, गल्लीतल्या बायका, नंजम्मा. सुंदरक्का आपल्या बहिणी-जावांना घेऊन आल्या, भरजरी पातळं, कानांत हिऱ्याच्या कुड्या, ताटात इथल्या रीतीचे तीळ-गूळ-खोबरं घालून. सतरंजीवर बायकांची ओळ बसली. वन्सं आत कॉफी-फराळाचं बघत होत्या, तर सुंदरक्कांनीच हाका मारून मारून त्यांना बाहेर आणलं आणि आपल्या शेजारी बसवलं. बहिणींना दाखवायचं होतं त्यांना. ही आमची कमल, म्हणाल्या. ज्या स्वरात म्हणाल्या तो मी ऐकला.

माझ्या हातात चांदीची कोयरी होती, आईनं लग्नात दिलेली, एका खणात हळद, एकात कुंकू. मी ओळीनं लावत गेले. नंजम्मा. ऑफिसातल्या बायका. कोलारच्या पाहुण्या. सुंदरक्का — त्यांनी डोळे मिटून कपाळ पुढे केलं. मग वन्सं. त्यांनीही कपाळ पुढे केलं, थोडंसं, सगळ्या बायका करतात तसं. माझं बोट कुंकवात बुडलेलं होतं. मी हात उचलला आणि त्यांच्यावरून पुढे नेला, पलीकडे बसलेल्या मुलीच्या कपाळावर. आणि मग थांबले. जीभ चावली. अगं बाई, असं पुटपुटले, आणि खाली बघितलं.

सुंदरक्कांना कळलं नाही, बिचाऱ्या हसतच होत्या. म्हणाल्या, "अय्यो, हिला का सोडलं की?"

मला बोलायची गरजच नव्हती, कारण मला ठाऊक होतं की मी गप्प बसले तर कोण बोलेल. वन्संनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग त्या सुंदरक्कांना म्हणाल्या, "मला चालत नाही, अम्मा. माझे यजमान नाहीत."

पदरानं त्यांनी कपाळावरचं सकाळचं कुंकू पुसलं. ते सगळं निघालं नाही, लाल फराटा राहिला. तशाच उठून आत गेल्या. कोलारच्या पाहुण्या एकमेकींकडे बघत होत्या. एकीनं कन्नडमध्ये काहीतरी विचारलं आणि सुंदरक्कांचं तोंड असं झालं की — मी त्यानंतर वर बघितलं नाही. त्यांनी वाण घेतलं नाही. पाहुण्यांना घेऊन गेल्या. जाताना आमच्या अरुणच्या डोक्यावरून हात फिरवला, तेवढा फिरवला.

सगळ्या गेल्यावर मी आत गेले आणि रडले. ते रडणं खोटं नव्हतं. आपण काय करून बसलो हे कळल्यावर माणूस रडतोच. आणि वन्सं — ऐका — वन्संनीच मला जवळ घेतलं. पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रडू नकोस. तुझ्या पोटात बाळ आहे." मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं होतं. म्हणाल्या, "हात सवयीनं गेला तुझा. जन्मभर जे बघितलं तेच हातात येतं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

मी मान डोलावली.

संध्याकाळी हे मला खूप बोलले. गाव सोडलंस पण गावाचं मन सोडलं नाहीस, म्हणाले, कारखान्यात काम करतेस आणि डोक्यात अजून सोवळं. मी ऐकून घेतलं. सोवळं! जी बाई रोज ऑफिसात ख्रिश्चन मुलींच्या डब्यात हात घालत होती तिला कसलं सोवळं? पण मागासलेली, जुन्या वळणाची, वेंधळी — हे ऐकणं किती सोपं होतं. चोर म्हणण्यापेक्षा वेंधळी म्हटलेलं बरं नाही का? विठ्ठलण्णांचं काही त्यांना ठाऊक नव्हतं. वन्संनी नंतरही ते भावाला कळू दिलं नाही, आणि मला शपथ घालायची त्यांना गरज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलवाली आली. वन्संचं कपाळ मोकळं होतं. तिनं मोजलेला गजरा पुढे केला तर म्हणाल्या, बेडा. नको. तिला उमगलं नाही. पुढे काही दिवस ती आमच्या दाराशी घुटमळायची, मग सरळ पुढे जाऊ लागली. हिरव्या काठाचं पातळ त्यांनी नंजम्मांच्या सुनेला दिलं.

पुढच्या आठवड्यात विठ्ठलण्णा आले. वर आले नाहीत, जिन्याशी उभे राहिले. वन्सं खाली गेल्या. मी वरून ऐकत होते, लाज सोडून, कठड्याशी. दोघं कन्नडमध्ये बोलले. मला काही कळलं नाही. कळला तो सूर: ते एकसारखं काही सांगत होते आणि वन्सं एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, बेडा. आई जेवत नव्हती, हे मागाहून नंजम्मांकडून कळलं. बहिणींनी कोलारभर केलं होतं. वन्संनी त्यांना त्यांच्या आईपाशी परत पाठवलं. मग वर आल्या, भाताला आधण ठेवलं, आणि मला विचारलं, उद्या डब्याला काय देऊ?

दीडएक वर्षानं विठ्ठलण्णांचं लग्न झालं, कोलारच्याच मुलीशी. मी गेले होते. जेवून आले.

आणि माझं? माझं सगळं ठरवल्याप्रमाणे झालं. नीला झाली आणि मी तीन महिन्यांत कामावर रुजू झाले, कारण घरी वन्सं होत्या. मी आता आमच्या विभागातली मोठी टायपिस्ट आहे, हाताखाली सहा मुली. बनशंकरीच्या बाजूला प्लॉट घेतला आहे. पाटल्या पुन्हा केल्या, पहिल्यांपेक्षा वजनदार. ओळखीतल्या कुणाची बंगलोरला बदली झाली की लोक आमच्याकडे विचारायला येतात — इथलं घरभाडं कसं, भागतं का, तुम्ही कसं जमवलंत? हे त्यांना सांगतात, बायको नोकरी करते म्हणून जमलं. मी कॉफी पुढे करते. ती केलेली असते वन्संनी.

आता ते सांगते, जे सांगायला बसले होते. तुम्ही म्हणाल सांगितलं की. नाही, अजून नाही.

हात सवयीनं गेला, असं सगळे म्हणाले. वन्सं म्हणाल्या, हे म्हणाले, मीही इतक्यांदा म्हटलं की कधीकधी झोपेतून उठल्यावर क्षणभर तसंच वाटतं. पण कसली सवय? त्या आधीच्या दोन्ही संक्रांतींना त्याच सतरंजीवर, त्याच कोयरीतलं कुंकू मी स्वतः वन्संना लावलं होतं. दसऱ्याला लावलं होतं. गौरीला लावलं होतं. तीन वर्षांत माझ्या हाताला काही सवय लागली असेल, तर ती लावायची होती. वगळायचं मी बसमध्ये ठरवलं होतं, खिडकीशी, मांडीवर पर्स घेऊन. सुंदरक्कांच्या बहिणींसमोर, हेही ठरवलं होतं. ते करायचं कसं हे वन्संनीच मला सांगितलं होतं, माझा हात धरून.

यांच्या हे लक्षात आलं नाही. पुरुषांचं बायकांच्या हळदीकुंकवात लक्ष नसतं. नंजम्मांच्या आलं असेल, पण त्या परक्या. वन्संच्या आलं नसेल? वर्षभरात अख्खी परकी लिपी शिकलेली बाई ती. एवढा साधा हिशेब तिला आला नसेल? मी दहा वर्षं तिच्या चेहऱ्याकडे बघते आहे आणि मला काही म्हणजे काही दिसत नाही. मला वाचवायला म्हणून म्हणाल्या का तेव्हा, की खरंच तसं वाटलं होतं? विचारू कशी? विचारायचं म्हणजे सांगायचंच.

दर संक्रांतीला कोयरी चिंचेनं घासून, हळद-कुंकू भरून त्याच माझ्या हातात देतात आणि आत जातात. यंदाही दिली. नीला आता नऊ वर्षांची आहे, मनात येईल ते बोलणारी, माझ्यावर गेलेली. सगळ्या बायका बसलेल्या असताना तिनं आतल्या दाराशी जाऊन मोठ्यानं विचारलं, आत्या, तू का नाही येत, तुला आई का नाही लावत कुंकू?

वन्सं दारात आल्या. कालथा हातातच होता. हसल्या — जिन्यावर ऐकू यायचं ते हसणं नव्हे, दुसरं. माझ्याकडे बघत नीलाला म्हणाल्या, "तुझ्या आईच्या हाताला सवय नाही, बाळ."

मी पुढच्या बाईला कुंकू लावलं.